दोत्रीन आणि पुराण : ‘ख्रिस्तपुराणा’कडे धर्मशिक्षणाच्या वर्गातून पाहताना

फादर थॉमस स्टीफन्स हे नाव आपल्याला माहीत असतं ते मराठीच्या स्तुतीच्या ओव्यांमुळे. शाळेच्या पुस्तकात त्या असतात, मराठी भाषा दिनाच्या भाषणात असतात, आणि २७ फेब्रुवारीला सकाळपासून व्हॉट्सअ‍ॅपवर फिरत असतात. एका इंग्रज माणसाने सोळाव्या-सतराव्या शतकात आपल्या भाषेला रत्नांत हिरा म्हटलं, याचं आपल्याला कौतुक वाटतं आणि ते रास्तही आहे. पण या चार-पाच ओव्यांपलीकडे जवळजवळ अकरा हजार ओव्यांचा ग्रंथ पसरलेला आहे आणि तो वाचलेला माणूस क्वचित भेटतो. जे वाचतात ते भाषेच्या अभ्यासासाठी, नाहीतर हिंदू-ख्रिस्ती संवादाचा नमुना म्हणून. या दोन्ही वाचनांतून एक साधी गोष्ट निसटते. हे पुराण जन्माला येतं ते मुलांच्या धर्मशिक्षणाच्या वर्गात.

ग्रंथाच्या सुरुवातीच्या भागात चौकट अशी आहे. साष्टी प्रांतातल्या एका देवळात, म्हणजे चर्चमध्ये, रविवारी मुलांना दोत्रीन शिकवली जाते आहे. दोत्रीन म्हणजे पोर्तुगीज ‘दौत्रिना’, ख्रिस्ती शिकवणुकीचं पाठांतर. ते ऐकणारा एक नवख्रिस्ती ब्राह्मण पाद्रीला विचारतो, त्याचा आशय असा : ही शिकवण चांगलीच आहे, पण तुम्ही आमची जुनी पुराणं वाचायची बंद केलीत, तर त्यांच्या जागी तसंच काही आम्हाला का देत नाही? पाद्रीला हे पटतं आणि पुराण सुरू होतं.

मी आठवडाभर सॉफ्टवेअर लिहितो आणि रविवारी चंद्रपूर जिल्ह्यातल्या एका चर्चमध्ये तेरा ते पंधरा वर्षांच्या मुलांचा धर्मशिक्षणाचा वर्ग घेतो. शिक्षण इंजिनीअरिंगचं, त्यामुळे साहित्याचा अभ्यासक असल्याचा दावा नाही. पण ज्या वर्गातून हा ग्रंथ निघाला तशाच वर्गात मी तो तुकड्यातुकड्याने वाचून दाखवतो आहे, आणि तिथून तो जसा दिसतो तसा समीक्षेच्या पुस्तकांत मला दिसला नाही. हा लेख त्याबद्दल आहे.

एकाच माणसाची दोन पुस्तकं

स्टीफन्स १५७९ च्या ऑक्टोबरमध्ये गोव्याला पोचले आणि १६१९ मध्ये वारले. या चाळीस वर्षांतला बहुतेक काळ ते साष्टीतच होते. त्यांनी मुलांसाठी एक प्रश्नोत्तरांचं पुस्तक लिहिलं. ते त्यांच्या मृत्यूनंतर १६२२ मध्ये रायतूरला छापलं गेलं. ‘मुलांना शिकवण्यासाठी संवादाच्या रीतीने रचलेलं’ अशा अर्थाचे शब्द त्याच्या नावातच आहेत. त्याआधी १६१६ मध्ये ‘ख्रिस्तपुराण’ छापून झालं होतं. पहिल्या पुराणाचे ३६ अवस्वरू, त्यात सृष्टीच्या उत्पत्तीपासून जुन्या कराराची कथा. दुसऱ्याचे ५९, त्यात येशूचं चरित्र.

दोन्ही पुस्तकं रोमन लिपीत छापली गेली. १६०८ च्या एका पत्रात स्टीफन्स आपल्या वरिष्ठांना लिहितात की देशी लिपीत छापायची फार इच्छा आहे, पण युरोपात चोवीस अक्षरांचे साचे पुरतात तिथे इथे सहाशे लागतील. युनिकोड येण्याआधी ज्यांनी मराठी फॉन्टशी झटापट केली आहे त्यांना ही तक्रार ओळखीची वाटेल.

पण लिपीपेक्षा भाषेची निवड महत्त्वाची आहे. प्रश्नोत्तरांचं पुस्तक कोकणीत आहे, पुराण मराठीत. घरी बोलली जाते ती भाषा पाठांतराला, आणि ज्या भाषेत आधीची पुराणं, कीर्तनं, ओव्या ऐकलेल्या आहेत ती भाषा कथेला. मराठी ही साष्टीतल्या लोकांची चुलीजवळची भाषा नव्हती. ती काव्याची आणि देवाधर्माची भाषा होती. स्टीफन्सनी लोकांना जड जाऊ नये म्हणून तिच्यात सोपे कोकणी शब्द मिसळले, पण पाया मराठीच ठेवला. ‘लोकांच्या भाषेत लिहिलं’ असं आपण सरसकट म्हणतो, ते म्हणूनच अर्धवट आहे. त्यांनी ओळखलं होतं की माणसाला घरची भाषा लागते आणि घरापेक्षा उंच अशी एक भाषाही लागते.

चंद्रपूर-गडचिरोलीत हे रोज दिसतं. इथे घरात झाडीबोली असते, बल्लारपूर-राजुऱ्याच्या काही घरांत तेलुगू, केरळहून नोकरीला आलेल्या कुटुंबांत मल्याळम, आणि एटापल्ली-भामरागडकडच्या मुलांची माडिया. प्रमाण मराठी ही या सगळ्यांनाच शाळेत भेटते. वर्गातली पुस्तकं हिंदी किंवा इंग्रजीत असतात आणि शिकवणारा त्यांचं तिथल्या तिथे मराठी करतो. म्हणजे स्टीफन्सच्या नेमकं उलट. पाठांतर परक्या भाषेत आणि पुराण तर कुठेच नाही.

केरळमार्गे आलेला वर्ग

हे असं का झालं ते कळायला इथल्या चर्चचा इतिहास थोडा सांगायला हवा. १९६२ साली चांद्याचं मिशनक्षेत्र केरळच्या सिरो-मलबार चर्चकडे, म्हणजे त्यातल्या सीएमआय या धर्मसंघाकडे सोपवलं गेलं. केरळच्या पारंपरिक सीमेबाहेर या चर्चला मिळालेलं हे पहिलं मिशनक्षेत्र. १९७७ मध्ये चांदा पूर्ण धर्मप्रांत झाला, मुख्यालय बल्लारपूर. १९८२ मध्ये चंद्रपुरातून गडचिरोली जिल्हा वेगळा झाला, पण धर्मप्रांत तोच राहिला, त्यात वर्धाही आहे.

वसईचा कॅथलिक आणि इथला कॅथलिक यांच्यात म्हणून मोठा फरक पडतो. वसईत चारशे वर्षांची वस्ती आहे, बोली आहे, ‘सुवार्ता’सारखं मासिक आहे, आणि फादर फ्रान्सिस दिब्रिटोंसारखा लेखक होऊन गेला, ज्यांच्या ‘सुबोध बायबल’ला २०१३ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला आणि जे पुढे उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले. इथली उपासनापद्धती मुळात सिरियाक, तिथून मल्याळममध्ये, तिथून हिंदी-मराठीत आलेली. तीन भाषांतरं ओलांडून शब्द वर्गात पोचतो तेव्हा त्याची धार गेलेली असते.

आणखी एक व्यावहारिक फरक आहे. लॅटिन परंपरेत दृढीकरणाचा संस्कार सहसा कुमारवयात होतो, त्यामुळे तेराव्या-चौदाव्या वर्षी वर्गाला येण्याला एक ध्येय असतं. सिरो-मलबार चर्चमध्ये तो आता सहसा बाप्तिस्म्याच्या वेळीच उरकतो. प्रथम ख्रिस्तप्रसाद झाला की पुढच्या वर्गांना मुलांनी यावं यासाठी कुठलाच टप्पा उरत नाही. आईवडिलांचा आग्रह, मित्र, आणि जे शिकवलं जातं त्यात काही दम असेल तर तो. एवढ्यावर वर्ग चालतो. म्हणून ‘काय वाचून दाखवायचं’ हा प्रश्न इथे फुरसतीचा उरत नाही.

वैकुंठ आणि स्पिरितु सांतु

‘ख्रिस्तपुराणा’च्या शब्दयोजनेबद्दल पुष्कळ लिहिलं गेलं आहे. स्वर्गाला ते वैकुंठ म्हणतात, देवाला परमेश्वर, तारणाऱ्याला मुक्तिदाता. पण पवित्र आत्म्यापाशी येऊन थांबतात आणि ‘स्पिरितु सांतु’ हा परका शब्द तसाच ठेवतात. लंडनला सापडलेल्या देवनागरी हस्तलिखितात, ज्याला मार्सडेन प्रत म्हणतात, असे परके शब्द काढून संस्कृत वळणाचे घातलेले दिसतात. अभ्यासक सहसा या दुसऱ्या प्रतीला अधिक भारतीय, म्हणून अधिक यशस्वी मानतात.

वर्गात मला याच्या उलट अनुभव येतो. ‘वैकुंठ’ शब्द आला तेव्हा एक मुलगी हसायला लागली. तिच्या डोळ्यांसमोर नगर परिषदेची वैकुंठरथ नावाची गाडी होती. मुलांच्या लेखी वैकुंठ म्हणजे स्मशानाचा रस्ता. या उलट ‘स्पिरितु सांतु’ म्हटल्यावर वर्ग शांत झाला आणि ‘म्हणजे काय?’ असा प्रश्न आला. रोजचा ‘पवित्र आत्मा’ हा शब्द मी उच्चारतो तेव्हा असा प्रश्न कधी येत नाही, कारण तो ऐकून ऐकून गुळगुळीत झाला आहे.

यावरून परके शब्द चांगले आणि देशी वाईट असा निष्कर्ष मी काढत नाही. मला एवढंच दिसतं की स्टीफन्सची मिश्र भाषा ही भाषांतराची अर्धवट अवस्था नाही. काही गोष्टी ऐकणाऱ्याच्या घरात नेऊन ठेवायच्या आणि काही उंबऱ्याबाहेर उभ्या ठेवायच्या, म्हणजे कोण आलंय हे विचारावंसं वाटेल, असा तो हिशेब आहे. सगळंच ओळखीचं केलं तर विचारायला काही राहत नाही. मार्सडेन प्रत वाचायला गोड आहे, पण शिकवायला मला रोमन प्रत जास्त उपयोगी वाटते.

ओवी इथेही जिवंत आहे

ओवीत लिहिलेलं चारशे वर्षांपूर्वीचं पुराण आजच्या मुलांना कसं झेपणार, असं मला विचारलं जातं. विचारणारे बहुधा पुण्या-मुंबईचे असतात. विदर्भात ओवी अजून तोंडात आहे. तुकडोजी महाराजांची ‘ग्रामगीता’ ४१ अध्यायांची, ओवीबद्ध, आणि गावोगावच्या सामुदायिक प्रार्थनेत तिचं वाचन चालतं. वर्गातल्या निम्म्या मुलांनी तिच्या ओव्या शाळेत म्हटलेल्या आहेत. ओवीची चाल त्यांना शिकवावी लागली नाही. अडतात ते जुने शब्द आणि प्रत्यय, आणि ते दोन-तीन रविवारांत पुष्कळसे सुटतात.

राहिला प्रश्न एकाग्रतेचा. ही मुलं चाळीस मिनिटं बसू शकत नाहीत अशी तक्रार वर्ग घेणाऱ्या प्रत्येकाची असते. पण हीच मुलं दिवाळीनंतर झाडीपट्टीच्या नाटकाला रात्रभर बसतात. वडसा म्हणजे देसाईगंज हे या नाटकांचं केंद्र, तिथल्या मंडळ्या हिवाळाभर गावोगाव फिरतात आणि प्रयोग पहाटेपर्यंत चालतो. गाणी असतात, रडणं असतं, मध्येच विनोदी पात्र येऊन सगळं उलटंपालटं करतं. बसण्याची ताकद मुलांत आहे, पण तेवढा वेळ बसावं असं आपण त्यांच्यासमोर ठेवत नाही.

‘ख्रिस्तपुराणा’चा कर्ता हे जाणून होता. कथा रंगात आली की मध्येच श्रोते शंका काढतात, पाद्री उत्तर देतो, कथा पुढे सरकते. कीर्तनातल्या पूर्वरंग-उत्तररंगाची सवय असलेल्या श्रोत्याला ही वळणं परिचयाची. मुलांना ती लगेच कळतात. शंका येणार हे कळलं की ती कोण काढेल याची वाट पाहतात.

प्रश्न कोणाचा, उत्तर कोणाचं

आता या ग्रंथाच्या मर्यादेकडे यावं लागतं, आणि ती किरकोळ नाही.

प्रश्नोत्तरी पाठांतरात दोष असा की उत्तर आधी तयार असतं आणि प्रश्न त्याच्या मापाने बेतलेला असतो. आमच्या धंद्यात टेस्ट लिहितात तसं. इनपुट ठरलेलं, अपेक्षित आउटपुट ठरलेलं, जुळलं की हिरवी खूण. अशी टेस्ट पास झाल्याने प्रोग्राम बरोबर आहे एवढंच कळतं, तो कशासाठी लिहिला ते कळत नाही. पुराणातल्या शंका यापेक्षा मोकळ्या आहेत, पण शेवटी त्याही पाद्रीपाशीच जाऊन शांत होतात. एखादा श्रोता उत्तर न पटल्याने उठून गेला असं घडत नाही.

घडणं शक्यही नव्हतं. साष्टीतली देवळं १५६० च्या दशकात पाडली गेली होती. गोव्यात १५६० पासून इन्क्विझिशन होतं. १५८३ मध्ये कुंकळ्ळीला लोकांनी पाद्रींना मारलं आणि मग पोर्तुगिजांनी सूड घेतला, तेव्हा स्टीफन्स याच भागात होते. त्यामुळे ‘आमची पुराणं बंद केलीत’ हे वाक्य नुसतं प्रस्तावनेतलं निमित्त म्हणून वाचता येत नाही. ग्रंथ स्वतःच्या तोंडाने सांगतो की त्याची जागा रिकामी कशी झाली. हा त्याचा प्रामाणिकपणा म्हणावा की निर्ढावलेपण, यावर वाद होऊ शकतो. पण ही ओळ ग्रंथात आहे आणि तिच्याशिवाय मराठीच्या स्तुतीच्या ओव्या वाचणं मला अपुरं वाटतं. ज्या भाषेचं इतकं कौतुक केलं त्याच भाषेतले ग्रंथ हिरावले गेल्यावर हे काव्य आलं.

पुढे १६८४ मध्ये पोर्तुगीज राजप्रतिनिधीने लोकांनी देशी भाषा सोडून तीन वर्षांत पोर्तुगीज बोलावं असा हुकूम काढला. १६१६, १६४९ आणि १६५४ अशा तीन आवृत्त्या निघालेल्या या पुराणाची आज एकही जुनी छापील प्रत उपलब्ध नाही. १९०७ मध्ये जोसेफ साल्ढाणांनी मंगळुरात आवृत्ती काढली ती हस्तलिखितांवरून, आणि १९५६ मध्ये शांताराम बंडेलूंनी ते देवनागरीत आणलं. दोत्रीनीच्या पुस्तकाच्या छापील प्रती मात्र युरोपातल्या ग्रंथालयांत टिकल्या. पाठांतराचं पुस्तक संस्थेने सांभाळलं, पुराण लोकांनी हाताने उतरवून. कोणतं पुस्तक कोणाला हवं होतं हे यावरून पुरेसं कळतं.

शेजारचे दोन संवाद

मराठीत धर्मावरचा प्रश्नोत्तरी संवाद स्टीफन्सपाशी संपत नाही. जोतीराव फुल्यांची ‘गुलामगिरी’ १८७३ ची, धोंडिबा आणि जोतीराव यांच्या संवादाची. ‘सार्वजनिक सत्यधर्म पुस्तक’ त्यांच्या मृत्यूनंतर १८९१ मध्ये आलं, तेही प्रश्नोत्तरांत. फुले स्कॉटिश मिशनच्या शाळेत शिकले होते आणि मिशनऱ्यांच्या पुस्तिका त्यांना माहीत होत्या. त्यांनी तेच साधन उचललं आणि त्याचं तोंड फिरवलं. पुष्कळदा धोंडिबाही फक्त पुढच्या उत्तराला वाट करून देतो, हे खरं. पण तो जे विचारतो ते जातीच्या अनुभवातून आलेलं असतं, पुस्तकातून नाही. फुल्यांच्या संवादाला धग येते ती तिथून.

दुसरं उदाहरण आमच्या शहरातलंच. १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपूरला धम्मदीक्षा दिल्यानंतर बाबासाहेब आंबेडकरांनी १६ ऑक्टोबरला चांद्यात दीक्षा दिली. दरवर्षी त्या दिवसांत चंद्रपूरच्या दीक्षाभूमीवर लोक लोटतात आणि बावीस प्रतिज्ञा म्हटल्या जातात. वर्गातल्या मुलांचे वर्गमित्र तिथे जातात, कधी ही मुलंही सोबत जातात. मग मला विचारतात, ते देव मानत नाही असं पाठ म्हणतात, आपण मानतो असं पाठ म्हणतो, फरक काय? 

हा प्रश्न मला कुठल्याही धर्मशिक्षणाच्या पुस्तकात सापडला नाही, आणि तो टाळण्यासारखा नाही. मला सुचलेलं उत्तर असं की पाठांतर दोन्हीकडे आहे, पण ज्यांनी १९५६ मध्ये त्या प्रतिज्ञा पहिल्यांदा म्हटल्या त्यांच्याकडे आधी प्रश्न होता. शतकांचा होता, आणि प्रतिज्ञा हे त्याचं त्यांनी निवडलेलं उत्तर होतं. पाठ म्हटलेलं वाक्य पोकळ की भरीव हे आधी प्रश्न पडला होता का यावर ठरतं. या कसोटीला आमचा वर्ग बऱ्याचदा उतरत नाही. त्यांच्या नातवंडांचाही उतरतो का, हे त्यांचं त्यांनी बघायचं.

मग वाचायचं कशाला?

‘ख्रिस्तपुराण’ आजच्या वर्गात जसंच्या तसं धर्मपुस्तक म्हणून चालणार नाही. हिंदू परंपरेबद्दलचा त्यातला सूर आज शिकवावा असा नाही. ज्या मुलांचे आजी-आजोबा पेन मानतात, ज्यांच्या गावात गोटुल आहे, त्यांच्यासमोर ‘जुनं ते खोटं’ म्हणणं हे शिक्षण नव्हे. शिवाय या जिल्ह्यांत चर्चबद्दल बोललं जातं ते बहुधा धर्मांतराच्या आरोपापुरतं किंवा त्याच्या खंडनापुरतं. त्या धामधुमीत तेरा वर्षांच्या मुलाला स्वतःच्या श्रद्धेबद्दल स्वतःच्या भाषेत दोन वाक्यं बोलता यावीत, याकडे कोणाचंच लक्ष नसतं. मला तेवढंच हवं आहे.

त्यासाठी हा ग्रंथ उपयोगी पडतो तो त्यातल्या उत्तरांमुळे नाही. धर्माची शिकवण पाठ झाल्यावरही माणसाची भूक उरते, तिला कथा लागते, लय लागते, आणि ते मागायचा ऐकणाऱ्याला हक्क आहे, हे त्याने पहिल्याच पानांत मान्य केलं आहे. चारशे वर्षांत आमच्या अभ्यासक्रमांनी ते पुन्हा विसरून दाखवलं.

काही आठवड्यांपूर्वी सुरुवातीची चौकट वाचून झाली तेव्हा मी मुलांना म्हटलं, या श्रोत्यांनी न विचारलेला एक प्रश्न लिहा. बऱ्याच मुलांनी आदाम-एवेबद्दल लिहिलं. एका मुलीने लिहिलं, “सर, पुराण मागायला ब्राह्मणच का उठला? बाकीचे लोक होते ना तिथे? त्यांनी काय मागितलं असतं?”

ग्रंथाकडे याचं उत्तर नाही. साष्टीच्या त्या देवळात शेतकरी असतील, बायका असतील, दोत्रीन म्हणणारी मुलं तर होतीच. त्यांच्यापैकी कोणाला काय हवं होतं ते स्टीफन्सनी लिहिलेलं नाही. अकरा हजार ओव्यांवरची मला माहीत असलेली ही सर्वांत नेमकी टीका आहे, आणि ती करायला त्या मुलीला ‘ख्रिस्तपुराण’च वाचावं लागलं. पुढच्या रविवारी तिचाच प्रश्न फळ्यावर लिहून वर्ग सुरू केला. उत्तरं झाडीबोलीत आली, एक माडियात आलं, ते शेजारच्या मुलाने मराठीत सांगितलं. ती उत्तरं वहीत उतरवून ठेवायचं काम सध्या चालू आहे.